रुळली का, हे कुणाला विचारायचं?

नवी सून घरात आली की पहिल्या चार-सहा महिन्यांत भेटणारी प्रत्येक बाई सासूला विचारते, "काय, रुळली का सून?" सासू सांगेल तेच खरं. सुनेला कुणी विचारत नाही. आणि "तुम्ही तिच्यासाठी घरात काय बदललंत?" हे विचारायचं तर कुणाला सुचतही नाही. एका गावाहून दुसऱ्या गावी, एका देशातून दुसऱ्या देशात गेलेली माणसं तिथं कशी सामावतात, यावर सरकारी पैशातून संशोधन चालतं. ते वाचताना मला हा प्रश्न नेहमी आठवतो, कारण तिथंही बहुतेक वेळा विचारलं जातं ते सासूलाच.

हा विषय आपल्या कामाचा नाही, असं कुणाला वाटेल. तर मैत्रिणींनो, आकडे बघा. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातली २८.९ टक्के माणसं स्थलांतरित आहेत. पुरुषांमध्ये हे प्रमाण १०.७ टक्के, तर बायकांमध्ये ४७.९ टक्के. म्हणजे जवळजवळ प्रत्येक दुसरी बाई स्थलांतरित. आणि या बायकांपैकी ८६.८ टक्के जणींचं कारण एकच लिहिलंय, लग्न.

इथूनच माझी तक्रार सुरू होते. २०११ च्या जनगणनेत कारणांचे रकाने होते: नोकरी-काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत आले, आणि इतर. त्यातलं एकच निवडायचं. आता आपल्या समाजाचे वधू-वर परिचय मेळावे डोळ्यांसमोर आणा. मुलीच्या माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलेलं असतं, "पुणे किंवा बेंगळुरूचं स्थळ हवं, लग्नानंतर नोकरी करणार." तिला शहर हवंय ते कामासाठी, लग्न हा तिथं जायचा रस्ता. मेळाव्याच्या पुस्तिकेला जे कळतं ते सरकारी तक्त्याला कळत नाही. तिथं 'लग्न' असा शिक्का बसला की पुढं कुणी काही विचारत नाही. निपाणीत लग्न होऊन आलेली आणि तीस वर्षं विड्या वळणारी बाई घ्या. तिचं काम दुसऱ्या एखाद्या रकान्यात येईलही, पण 'कामासाठी स्थलांतर' म्हटलं की जो चेहरा अधिकाऱ्यांपुढं येतो तो पुरुषाचाच. योजना आखल्या जातात त्याही त्याच चेहऱ्यासाठी.

अंतराचं मोजमापही असंच. कागलची मुलगी निपाणीत दिली तर ती 'आंतरराज्य स्थलांतरित'. एसटीनं तासाभराच्या आतला प्रवास. भाषा तीच, देऊळ तसंच, भाकरीही तीच. बेळगावची मुलगी पाचशे किलोमीटर लांब मैसूरला गेली तर तिचं स्थलांतर राज्यातल्या राज्यातलं. नवी भाषा शिकायची, शेजार जोडायचा, एकटीनं दवाखाना शोधायचा, हे सगळं हिच्या वाट्याला. उलट कागलच्या मुलीची खरी अडचण कागदांची. राज्य बदललं की रेशन कार्डावरचं नाव, दाखले, मुलांच्या शाळेचं माध्यम, सगळं पुन्हा पहिल्यापासून. दोघींच्या अडचणी वेगळ्या आहेत, आणि 'जिल्ह्यांतर्गत, आंतरजिल्हा, आंतरराज्य' या तीन खणांत दोन्ही दिसत नाहीत.

मग अशा संशोधनावर देखरेख कशी होते? सार्वजनिक पैशातून प्रकल्प मिळाला की संस्थेला प्रगती अहवाल द्यावा लागतो, खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र जोडावं लागतं, मग पुढचा हप्ता सुटतो. शेवटी किती अहवाल, किती चर्चासत्रं, किती शोधनिबंध याची यादी होते. हिशेब चोख हवा याबद्दल वाद नाही. व्यापाऱ्यांच्या घरातल्या बायकांना वहीचं महत्त्व कुणी शिकवायला नको. पण माल कुठं गेला, गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडला का, हे वहीतल्या खर्चाच्या बाजूवरून कळत नाही. त्यासाठी वेगळे प्रश्न लागतात. मला तीन महत्त्वाचे वाटतात.

पहिला प्रश्न, विचारलं कुणाला? ऊसतोडीचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. बीडकडच्या टोळ्या आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात. तिथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल मुकादमाकडून नवरा घेतो. मोजले जातात ते कोयते, बाई त्यात अर्धी. या बायकांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याचा बोभाटा २०१९ मध्ये झाला, तेव्हा महाराष्ट्र सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं समोर आलं. त्या बायका काही त्या वर्षी नव्यानं फडात आल्या नव्हत्या. वर्षानुवर्षं येत होत्या, फक्त त्यांना 'तुझ्या शरीराचं काय?' असं सरकारी कागद घेऊन कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यावर त्यांनी सांगितलं.

दुसरा प्रश्न, उत्तर वेळेवर आलं का? २०११ च्या जनगणनेतले स्थलांतराचे सविस्तर तक्ते पूर्णपणे हाती यायला २०१९ उजाडलं. त्यांतली ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित माणसं ही आठ वर्षांपूर्वीची. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली आणि रस्त्यांवरून माणसं चालत निघाली. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारलं गेलं, वाटेत किती मजूर दगावले? कामगार मंत्रालयाचं उत्तर आलं, अशी माहिती ठेवलेली नाही. खर्चाचे कागद तोवर सगळे व्यवस्थित असतील, पण ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी हाती काही नव्हतं.

केरळात थोडं वेगळं घडलं. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेनं १९९८ मध्ये १० हजार घरांची पाहणी केली आणि पुढं दर काही वर्षांनी ती पुन्हा पुन्हा केली. राज्य सरकारनंही नंतर तिला पैसा दिला. त्यामुळं २०१३ मध्ये २४ लाखांवर गेलेली परदेशस्थ केरळीयांची संख्या २०१८ मध्ये २१ लाखांवर उतरल्याचं राज्याला कळलं. एकदाच केलेली पाहणी म्हणजे एक फोटो. त्यावरून माणूस वाळला की भरला हे सांगता येत नाही. अर्थात केरळातही सुरुवातीचा भर मनीऑर्डरींवर आणि माणसांच्या संख्येवर जास्त होता. मागं राहिलेल्या बायकांचं आयुष्य समजायला लीला गुलाटी यांच्यासारखी अभ्यासक त्यांच्या घरांत जाऊन बसावी लागली. तिचं पुस्तक १९९३ चं, म्हणजे मोठ्या पाहणीच्याही आधीचं. मोजणाऱ्यांनी आधी ऐकणाऱ्यांचं वाचावं, असं मला वाटतं ते याच कारणानं.

तिसरा प्रश्न, तपासणारा कोण? नेदरलँड्समध्ये तुर्की, मोरोक्को, सुरिनाम इथून आलेल्या लोकांना सामावून घेण्याचं धोरण तीस वर्षं चाललं. ते कितपत साधलं हे तपासायला तिथल्या संसदेनं २००२ मध्ये समिती नेमायचं ठरवलं. स्टेफ ब्लोक हे तिचे अध्यक्ष. समितीनं आधीच्या सगळ्या संशोधनाचा आढावा घेण्याचं काम फरवे-योंकर या संस्थेकडं दिलं. लगेच ओरड झाली, ही संस्था तर याच क्षेत्रात वर्षानुवर्षं संशोधन करत आलीय, ती स्वतःच्याच कामाची परीक्षा कशी घेणार? जानेवारी २००४ मध्ये समितीचा अहवाल आला. अनेक स्थलांतरित पूर्णपणे किंवा काही अंशी सामावले आहेत, असा त्याचा सूर. मोठ्या पक्षांनी तो भाबडा म्हणून झटकून टाकला.

तपासणारा त्रयस्थ हवा हा आक्षेप योग्यच होता. पण नंतरचा गोंधळ पद्धतीवर कमी आणि निष्कर्षावर जास्त झाला. निष्कर्ष आवडला नाही म्हणून अभ्यास वाईट, असं म्हणणं म्हणजे मूल्यमापन नव्हे. आणि एवढ्या वादात आलेल्या लोकांना मात्र पुन्हा कुणी मध्यभागी बसवलं नाही. त्यांच्याबद्दल तावातावानं बोलणारे बहुतेक सगळे सासरकडचेच.

आपल्याकडं आलोचना हा शब्द प्रतिक्रमणाच्या संदर्भात येतो. गुरूंसमोर आपला दोष न लपवता, न सजवता सांगायचा, ती आलोचना. त्यात दोन गोष्टी गृहीत आहेत: सांगणारा स्वतः सांगतो, आणि ऐकणारा निष्पक्ष असतो. सरकारी संशोधनाच्या मूल्यमापनात या दोन्हींची उणीव आहे. आमच्या पाहणीतून कोण निसटलं, कोणता प्रश्न विचारायचा राहिला, हे संस्थांनी अहवालाच्या पहिल्या पानावर लिहावं. परीक्षकांच्या मंडळात प्राध्यापक आणि अधिकाऱ्यांबरोबर स्थलांतर करून आलेल्या दोन बायका तरी असाव्यात. 'यातून तुमचं काय कळलं?' हे ज्यांच्या घरी जाऊन विचारलं, त्यांच्यापर्यंत त्यांच्या भाषेत परत जावं. याला फार पैसे लागत नाहीत.

आणि एक काम आपल्या हातातलं आहे. २०२७ ची जनगणना ठरलेली आहे. प्रगणक दारात येईल तेव्हा सवयीनं "अहो, जरा बाहेर या" म्हणून नवऱ्याला हाक मारू नका. स्वतः बसा. घरातल्या सुनेलाही बसवा. कुठून आलात, का आलात, काय काम करता, याची उत्तरं तिची तिला देऊ द्या. रकान्यात एकच शब्द मावत असेल तरी तो कोणता असावा, हे ती सांगेल.