चोरलेल्या वर्तमानपत्राचा खोटा अंक

आज एका वर्तमानपत्राच्या एकाच अंकाबद्दल बोलायचं आहे. एकच कागद, पाठपोट छापलेला. तारीख 9 नोव्हेंबर 1943, शहर ब्रुसेल्स, नाव ‘ल स्वार’, म्हणजे ‘संध्याकाळ’.

हे मोठ्या खपाचं दैनिक. 1940 साली जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर ते मालकांना डावलून, त्याच नावानं, जर्मनांच्या देखरेखीखाली निघू लागलं. लोक त्याला ‘चोरलेलं स्वार’ म्हणायचे. म्हणायचे, पण विकतही घ्यायचे. हे लक्षात ठेवा.

‘स्वातंत्र्य आघाडी’ या प्रतिकार संघटनेतल्या मार्क ओब्रियों यांनी कल्पना काढली, की याच पत्राचा खोटा अंक काढायचा. 11 नोव्हेंबर हा पहिल्या महायुद्धातल्या विजयाचा दिवस. तो साजरा करायला बंदी होती. त्याच्या दोन दिवस आधी हा अंक नेहमीच्या विक्रेत्यांकडे पोचला. सुमारे 50,000 प्रती छापल्या होत्या. लोकांनी नेहमीसारखे पैसे टाकले, अंक उघडला, आणि दोन-चार ओळींनंतर थबकले.

याआधीच्या युद्धात ‘ला लिब्र बेल्जिक’ या गुप्त पत्रानंही खोड्या केल्या होत्या. 1915 मध्ये त्यांनी जर्मन गव्हर्नर फॉन बिसिंग स्वतः ते पत्र वाचतोय असं बनावट छायाचित्र छापलं. छान विनोद, पण तो माणसावरचा. 1943चा विनोद भाषेवर आहे. तीच मांडणी, तोच गंभीर सूर, फक्त एक आटा जास्त पिळलेला. माघारीलाही यश म्हणणारी लष्करी पत्रकं घ्या. तीन दिवसांपूर्वीच कीव्ह जर्मनांच्या हातून गेलं होतं. अशा वेळी त्या भाषेची नक्कल केली, की ती आपोआप उघडी पडते.

माझ्या मते या अंकाची खरी ताकद इथे आहे. त्यात नवी बातमी जवळजवळ नाही. बातम्या लंडनच्या रेडिओवर मिळतच होत्या. तो वाचकाला विचारतो, ‘तू हे रोज वाचतोस, तुला हसू कसं येत नाही?’ म्हणजे टोला थोडा वाचकालाही आहे.

मर्यादाही आहे. मूळ पत्र माहीत नसेल तर आज निम्मे विनोद कळत नाहीत. नकलेचं आयुष्य मुळाएवढंच.

मग एवढ्यासाठी जीव धोक्यात घालायचा? कारण पुढे धरपकड झाली, आणि काही जण जर्मनीतून परतलेच नाहीत. या प्रश्नाला मी सोपं उत्तर देणार नाही. एवढंच म्हणेन, की दुसऱ्या दिवशी खरा अंक हातात घेणाऱ्याला तो पूर्वीसारखा गंभीरपणे वाचणं अवघड गेलं असणार. छापणाऱ्यांना तेवढंच हवं होतं, आणि त्याची किंमत काय पडू शकते हे त्यांना ठाऊक होतं.

इथे थांबतो.