जीर्णोद्धार, विसर्जन की भंगार?

शिर्डीच्या साईतीर्थ उद्यानात ‘द्वारकामाई’ नावाचा एक खेळ आहे. द्वारकामाईचा देखावा आणि त्यात यंत्राच्या बळावर हालणारी, बोलणारी साईबाबांची मूर्ती. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझे लक्ष मूर्तीपेक्षा प्रेक्षकांकडे जास्त होते. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी चपला काढून बाजूला सारल्या आणि हात जोडले. शेजारचा नातू म्हणाला, “आजी, ते मशीन आहे.” आजी म्हणाल्या, “असू दे.”

बाहेर पडताना माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न होता. हे यंत्र एक दिवस जुने होणार. मोटारी झिजतील, रबरी कातडी फाटेल, त्याहून सफाईदार यंत्रे बाजारात येतील. तेव्हा ज्या मूर्तीपुढे लोकांनी हात जोडले तिचे काय करायचे?

मी कोणत्याही विद्यापीठाचा नाही. जत्रा, सर्कस, बागा, पाळणे यांविषयी मिळेल ते वाचत आणि जमेल तिथे जाऊन पाहत आलो, एवढीच माझी पात्रता. करमणुकीच्या जागा आपल्याकडे अभ्यासाचा विषय मानल्या जात नाहीत. त्यामुळे वरचा प्रश्न घेऊन आधी परदेशातील उदाहरणांकडे जावे लागले. तिथे त्यावर गेली कित्येक वर्षे कडाक्याचा वाद चालू आहे.

अमेरिकेत डिस्नेच्या उद्यानांचे निष्ठावंत चाहते आहेत. फ्लोरिडातील उद्यान १९७१ मध्ये उघडले, तेव्हापासून तिथे ‘मिस्टर टोड’ या बेडकाची एक राइड होती. ती काढणार असे कळल्यावर चाहते बेडकाचे चित्र असलेले सदरे घालून तिथे जमले. तरी १९९८ मध्ये ती बंद झाली आणि त्या जागी ‘विनी द पू’ हे अस्वल आले. जुलै २०२५ मध्ये त्याच उद्यानातील नदी आणि तिच्यावरची आगबोट बंद झाली. तिथे मोटारींच्या चित्रपटावर आधारलेला विभाग होणार आहे. पुन्हा तेच. शेवटच्या फेरीसाठी गर्दी, डोळ्यांत पाणी, आणि दुसऱ्या बाजूने ‘काळाबरोबर चला’ हा उपदेश.

या वादातल्या दोन्ही बाजू मला अपुऱ्या वाटतात. चाहते म्हणतात, आमच्या आठवणी तिथे आहेत, हात लावू नका. चालक म्हणतात, उद्यान म्हणजे संग्रहालय नव्हे. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, हे खुद्द वॉल्ट डिस्नेचेच म्हणणे होते. एका बाजूचे ऐकले तर उद्यानाचा मुडदा होतो, दुसऱ्या बाजूचे ऐकले तर त्याचे दुकान होते. ‘ठेवा’ आणि ‘काढा’ या दोन शब्दांपलीकडे दोघांकडेही शब्द नाहीत.

आपल्याकडे ते आहेत.

देवाची मूर्ती झिजली की आपण वज्रलेप करतो. त्याआधी कलाकर्षण विधी होतो. मूर्तीतले देवत्व कलशात उतरवून घ्यायचे, काम होईपर्यंत कलशाची पूजा करायची, आणि मग ते पुन्हा मूर्तीत आणायचे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे २०१५ मध्ये रासायनिक संवर्धन झाले, तेव्हाही हा विधी झाला. त्यानंतर मूर्तीच्या मस्तकावरील नागावरून वाद पेटला, म्हणजे विधी केला की भांडण मिटते असे नाही. पण भांडण नेमके होते. काय होते आणि काय राहिले, एवढ्यापुरते. हा झाला जीर्णोद्धार. मूर्ती दुरुस्तीपलीकडे खंडित असेल तर तिचे विसर्जन होते. तिला निरोप दिला जातो, उकिरड्यावर टाकले जात नाही. तिसरा मार्ग भंगाराचा. वजनावर विकायचे आणि विसरायचे.

या तीन शब्दांनी वरचा वाद तपासला की तो वेगळा दिसतो. बेडकाची राइड गेली, पण अस्वलाच्या राइडमध्ये एक लहानसे चित्र लावले आहे. त्यात बेडूक आपल्या जागेची कागदपत्रे घुबडाच्या हाती देतो आहे. माझ्या मते तो कलशच आहे, फार लहान, पण कलश. शेवटच्या फेरीला जमलेली गर्दी हा चाहत्यांनी घरच्या घरी केलेला विधी आहे. कोणी सांगितला नाही म्हणून त्यांनी स्वतःच रचला.

विसर्जनाचेही उदाहरण तिथलेच आहे. ‘स्प्लॅश माउंटन’ ही पाण्यातून खाली झेपावणारी राइड १९४६ च्या एका चित्रपटावर बेतलेली होती. गुलामगिरीनंतरच्या काळातील कृष्णवर्णीयांचे जगणे गोड करून दाखवल्याबद्दल तो चित्रपट बदनाम आहे. फ्लोरिडात ही राइड २०२३ मध्ये बंद झाली आणि पुढच्या वर्षी एका कृष्णवर्णीय राजकन्येच्या कथेवर पुन्हा उभी राहिली. पाणी तेच, उतार तोच, गोष्ट नवी. इथे मी चाहत्यांच्या बाजूने नाही. ज्या गोष्टीने कोणाचा अपमान होतो तिचे विसर्जन व्हायलाच हवे. आठवण माझी आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या पेशवे पार्कातील प्राणी कात्रजला गेले, पण १९५६ पासूनची ‘फुलराणी’ तिथेच राहिली. आजोबा ज्या गाडीत बसले तिच्यात नातू बसतो. मुंबईत कमला नेहरू पार्कातील ‘म्हातारीचा बूट’ एका इंग्रजी बालगीतातून आलेला, पण तो आता पुरता मराठी झाला आहे. याउलट दिल्लीचे ‘अप्पू घर’. १९८४ मध्ये उघडले, २००८ मध्ये बंद झाले. आणि आपले गोराईचे एस्सेलवर्ल्ड. १९८९ मध्ये सुरू झाले आणि एका पिढीच्या शाळेच्या सहलींचे शेवटचे टोक बनले. आमच्या भागातून रात्री गाडी निघे, सकाळी खाडी ओलांडायला बोट. समुद्र आधी पाहिला की आकाशपाळणा, हे सांगता न येणारी माणसे माझ्या ओळखीत आहेत. ते उद्यान आता बंद आहे. जाहिरातीचे गाणे लोकांच्या तोंडी राहिले, कलश म्हणायचा तर तेवढाच.

कोणी म्हणेल, जत्रेतला पाळणाही मोडतोच की! खरे आहे. मढीच्या यात्रेतला पाळणा यात्रा संपली की पुढच्या गावाला जातो, त्याच्यासाठी कोणी रडत नाही. कारण तो परत येतो. जागेला रुजलेली वस्तू एकदाच जाते.

आणखी एक दाखला शिर्डीचाच. साईसच्चरिताच्या सहाव्या अध्यायात मशिदीच्या दुरुस्तीची हकिगत आहे. काकासाहेब दीक्षितांना पुढच्या अंगणावर मंडप घालायचा होता. बाबा चावडीत असताना भक्तांनी रात्री खांब रोवावेत आणि सकाळी बाबांनी ते उपटावेत, असे चालले. एकदा तर बाबांनी तात्या पाटलांची मान धरली, त्यांचा फेटा जाळला, आणि मग नवा फेटा मागवून स्वतः त्यांच्या डोक्याला बांधला. अखेर मंडप झाला. धुनी मात्र पेटती राहिली. भाविक यात लीला पाहतील. मला त्यात जुन्या जागेला हात लावण्याची रीतही दिसते. बदल फुकट मिळाला नाही, त्यासाठी भांडावे लागले, आणि जागेचा जीव जिथे होता तिथे कोणी हात घातला नाही.

हे सारे दूरचे वाटायला नको. साईतीर्थ संगमनेरच्या मालपाणी समूहाचे आहे आणि खोपोलीजवळच्या इमॅजिकाची सूत्रेही २०२२ मध्ये याच समूहाकडे आली. म्हणजे महाराष्ट्रातील पुढच्या पिढीच्या सहलींतले काय ठेवायचे आणि काय काढायचे, याचे बरेचसे निर्णय आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या माणसांच्या हाती आहेत. त्यांनी काहीही काढू नये असे मी म्हणणार नाही. यंत्र झिजते, सुरक्षितता आधी. पण चार गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. काढण्यापूर्वी मोजमापे, नकाशे आणि चित्रफीत करून ठेवावी. ती चालवणाऱ्या कामगारांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, कारण खरा इतिहास त्यांच्याकडे असतो. शेवटचा दिवस आधी जाहीर करावा. आणि जुन्याचा एखादा तुकडा नव्यात दिसेल असा बसवावा.

आपल्या गावातली बाग, पाळणा, कारंजे यांचेही वाचकांनी एवढे करायला हरकत नाही. मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. साईतीर्थच्या ‘द्वारकामाई’ची पहिली नोंद वहीत आहे. तारीख, मूर्तीच्या हालचाली, आणि पुढच्या रांगेत काढून ठेवलेला चपलांचा एक जोड.