'विट' आणि मावशीचं अंथरूण

राबिघमध्ये शुक्रवारची संध्याकाळ कशी घालवायची, हा आम्हा मंडळींचा कायमचा प्रश्न. जेद्दा लांब, समुद्र रोजचाच. अशाच एका शुक्रवारी आम्ही दोघांनी 'विट' हा चित्रपट पाहिला. (नावावर जाऊ नका, वीट अजिबात येत नाही!) मार्गारेट एडसन यांच्या या नाटकाला १९९९ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. माइक निकोल्स यांनी २००१ मध्ये टीव्हीसाठी त्याचा चित्रपट केला.

व्हिव्हियन ही इंग्रजी काव्याची करारी प्राध्यापिका. तिला बीजाशयाचा कॅन्सर, तोही चौथ्या टप्प्यातला. तिची आतून तपासणी करायला जो तरुण डॉक्टर येतो, तो निघतो तिचाच जुना विद्यार्थी! तिला तशीच टेबलावर ठेवून तो नर्सला शोधायला जातो. वर्गाला धाकात ठेवणारी बाई त्या क्षणी नुसतं शरीर उरते. एमा थॉम्प्सनने हा प्रसंग असा केलाय की, आपणच नजर खाली घालतो.

मी भारावलो होतो. सौ. मात्र शांतपणे म्हणाली, "हिला नवरा नाही, सासू नाही, डबे करायचे नाहीत. म्हणून हिची गोष्ट दवाखान्यातच संपली."

आधी मी वाद घातला. लेखिकेला एकाकीपणच दाखवायचं होतं, हे खरंच. पण रात्री मला बार्शीकडची माझी मावशी आठवली. तिला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. "अंगावरून जातंय" हे तिनं कित्येक महिने कुणाला सांगितलंच नाही. किरणोपचार झाले, ती वाचली. मी तेव्हा परदेशात एम. एस. करत होतो. फोनवर विचारायचो, "जेवण जातं ना?" ती म्हणायची, "बरी आहे रे."

सुट्टीत गेलो तर ती ओट्याशी उभी होती. पोळ्या करते म्हणजे बरी झाली, असं घरानं ठरवून टाकलं होतं. तिचं अंथरूण मात्र माजघरात आणि काकांचं बाहेरच्या खोलीत. कारण कुणी विचारलं नाही, मीही नाही.

किरणोपचारानंतर योनिमार्ग कोरडा पडतो, आकसू शकतो, संबंध दुखरे होतात, पाळी अकाली थांबते. यावर उपाय आणि समुपदेशन असतं. कॅन्सर जवळ झोपल्यानं नवऱ्याला लागत नाही. एवढं तरी त्या दोघांना कुणी सांगितलं असेल का?

शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जीव वाचवण्याची वाट सापडली आहे. पण वाचलेल्या बाईनं घरात परत कुठल्या नात्यानं यायचं, फक्त स्वयंपाकीण म्हणून?

'विट' जरूर पाहा. दवाखान्यातल्या माणुसकीवर इतकं नेमकं भाष्य क्वचितच सापडतं. पण त्यात नसलेला शेवटचा अंक आपल्या घरांत घडतो. तो बायकांवर एकटीवर सोडू नका. पुढच्या वेळी तिच्याबरोबर डॉक्टरकडे जाल, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसू नका. तिला चालणार असेल, तर आत जा.