मुलांचा देश : झुंपा लाहिरी यांच्या दोन कृति

परदेशीं स्थायिक झालेल्या आईबापांच्या मुलांविषयीं बोलतांना ‘त्रिशंकु’ हें विशेषण आपल्याकडे फार सवंग झालें आहे. ना इकडचीं, ना तिकडचीं, असा निवाडा देऊन आपण मोकळे होतों. झुंपा लाहिरी यांच्या दोन कृति शेजारीं ठेवून वाचल्या असतां हा निवाडा किती उथळ आहे, हें ध्यानांत येतें. लेखिकेचा जन्म १९६७ सालीं लंडन येथें बंगाली आईबापांच्या पोटीं झाला, व त्या अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड येथें वाढल्या. तेव्हां हा विषय त्यांना ऐकीव नव्हे.

पहिली कृति ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ (१९९९) या संग्रहांतील मिस्टर पिरझादांची कथा. काळ १९७१ चा. अमेरिकेंत राहणाऱ्या एका बंगाली हिंदु कुटुंबाकडे ढाक्याचे पिरझादा नित्य जेवावयास येतात. त्यांची पत्नी व सात मुली ढाक्यांत अडकलेल्या. त्यांची कांहींच वार्ता नाहीं. जेवणापूर्वीं ते खिशांतील घड्याळ ढाक्याच्या वेळेवर लावतात. घरांतील दहा वर्षांची लिलिया हें पाहते. शाळेंत तिला अमेरिकन क्रांतीचा अभ्यास नेमून दिलेला. ग्रंथालयांत ती पाकिस्तानवरचें पुस्तक उघडते, तर बाई तें परत ठेवावयास लावतात. परंतु पिरझादांनीं आणलेल्या गोड गोळ्या ती चंदनी पेटींत जपते, आणि रात्रीं त्यांतील एक तोंडांत विरघळवीत त्या न पाहिलेल्या मुलींसाठीं प्रार्थना करते. पुढें तें कुटुंब सुखरूप असल्याचें कळतें, तेव्हां उरलेल्या गोळ्या ती टाकून देते. प्रार्थनेचें काम संपलेलें असतें. ढाका तिचें जन्मस्थान नव्हे, आईबापांचें गांवही नव्हे. फाळणीनंतरच्या नकाशावर तर तें त्यांच्या देशांतही नाहीं. तरी त्या शरदांत तिचें मन वसतें तें ढाक्यांतच.

‘दि नेमसेक’ (२००३) या कादंबरींतील गोगोलची गोष्ट याच्या उलट आहे. कलकत्ता हें त्याला वारशानें मिळालेलें शहर. वडिलांच्या दीर्घ रजेंत तेथें आठ महिने काढावे लागतात. आप्तांचें प्रेम अमाप, पण त्याला करावयास कांहीं नाहीं. धांवण्याचा सराव करूं म्हणतो, तर वाट चुकूं नये म्हणून नोकर मागें धाडला जातो. अखेर तो धांवणेंच सोडतो. मात्र अमेरिकेंतील पेंबर्टन रोडवरचें घर शेवटीं विकलें जातें, तेव्हां तें त्याच्या काळजाला चटका लावून जातें.

या दोहोंवरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. मुलाचें स्थळाशीं नातें नुसत्या रक्तानें येत नाहीं. तेथल्या कुणासाठीं कांहीं करावयास मिळालें, स्वतःच्या पायांनीं हिंडावयास मिळालें, म्हणजे तें जडतें. लिलियाच्या कथेंत हें सत्य प्रसंगांतून आपोआप उमलतें. कादंबरींत मात्र कलकत्ता बहुधा नातेवाइकांच्या खोल्यांपुरतेंच राहतें. गोगोलच्या उदासीनतेचें मूळ त्या शहरांत आहे, कीं त्याच्याभोंवतीं उभारलेल्या काळजीच्या भिंतींत आहे, याचा छडा लेखिका लावीत नाहींत. एवढ्यापुरती ती लघुकथा आम्ही श्रेष्ठ मानतों. स्वतः लेखिकेनें २०१२ मध्यें रोम येथें बिऱ्हाड केलें आणि २०१५ मध्यें इटालियन भाषेंत लिहिलेलें पुस्तक प्रसिद्ध केलें. ती भाषा ना जन्मभूमीची, ना वाडवडिलांची. ती त्यांनीं कष्टानें जोडली.

आज पुण्या-नागपुरांतील कितीतरी घरीं सुटींत परदेशाहून नातवंडें येतात. ‘तुला हें आवडतें कीं तें?’ असें त्यांस आल्याबरोबर विचारण्यांत येतें. पोर गोंधळतें, आणि आपण त्याला त्रिशंकु ठरवितों. त्यापेक्षां त्याच्या हातीं पिशवी देऊन कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावयास धाडावें. वाट चुकलें तर चुको. कुणा दुकानदाराला मोडक्या मराठींत विचारीत परत येईल, आणि दुसऱ्या दिवशीं पिशवी आपणहून मागेल.