एन्डोमेट्रिऑसिस आणि रक्तातील मेद : निदर्शकविषयक संशोधनाचे एक परीक्षण

गर्भाशयाच्या अंतःस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर, बीजकोशावर वा उदरावरणावर रुजतात व तेथे दाह चालू ठेवतात, त्या व्याधीस एन्डोमेट्रिऑसिस म्हणतात. ह्या व्याधीत रक्तातील मेदाचे व दाहाचे निदर्शक बिघडतात, हे प्रतिपादन इतक्या वेळा झाले आहे की त्याचा आधार तपासण्याचे कारणच उरले नाही, असे वाटावे. आधार आहे, परंतु तो ज्या स्त्रियांच्या रक्तावर उभा आहे त्या बाभुळगावच्या नव्हेत.

सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेतील परिचारिकांच्या दुसऱ्या दीर्घ पाहणीचा. १,१६,४३० स्त्रियांच्या वीस वर्षांच्या नोंदींवरून २०१६ साली असे दाखविण्यात आले की, दुर्बिणीने निश्चित झालेल्या रुग्णांत हृद्धमनीविकाराचे प्रमाण इतरांच्या १.६२ पट होते. पुढील वर्षी त्याच पाहणीतून वाढलेल्या कोलेस्टेरॉलचे प्रमाण १.२५ पट आढळले. येथपर्यंत सारे सरळ दिसते. परंतु त्याच लेखात उलट दिशाही तपासली होती : कोलेस्टेरॉल आधी वाढलेल्या स्त्रियांत एन्डोमेट्रिऑसिस १.२२ पट आढळला. मग कारण कोणते आणि कार्य कोणते? शिवाय कोलेस्टेरॉलची नोंद त्या स्त्रियांनी स्वतः कळविलेल्या निदानावर होती. वारंवार वैद्याकडे जाणाऱ्या स्त्रीचे रक्तही वारंवार तपासले जाते, हे विसरता येत नाही.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट उद्धरणांत बहुधा गळते. हृदयविकाराच्या वाढीपैकी सुमारे ४२ टक्के भाग गर्भाशय वा बीजकोश काढण्याच्या शस्त्रक्रियेने व ती लवकर होण्याने स्पष्ट होऊ शकतो, असे संशोधकांनीच लिहिले आहे. महाराष्ट्राच्या वाचकाने येथे थबकावे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या चौकशीत १३,००० हून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. अशा प्रदेशात चाळिशीतील स्त्रीचा वाढलेला मेद रोगाचा की शस्त्रक्रियेचा, हे न विचारता लिहिलेला निबंध मुळातच पांगळा ठरतो.

लहान अभ्यासांची स्थिती अधिक नाजूक आहे. तुलनागट बहुधा वंध्यत्वाच्या चिकित्सालयांतून घेतलेला. म्हणजे निरोगी स्त्रीशी तुलना झालीच नाही. डॅनाझॉल हितकर मेद घटवते, तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन ट्रायग्लिसराइड व सी-प्रतिक्रियाशील प्रथिन दोन्ही वाढवते. तरी औषधांची नोंद पुष्कळदा एका ओळीत आटोपलेली असते. हे प्रथिन तर यकृताचे सर्वसाधारण उत्तर आहे. जंतुसंसर्गानेही ते चढते, लठ्ठपणानेही. जननमार्गाचा क्षय ह्या देशात दुर्मिळ नाही. तो सीए-१२५ वाढवून एन्डोमेट्रिऑसिसचे सोंग हुबेहूब आणतो. भारतीयांत ट्रायग्लिसराइड अधिक व हितकर मेद कमी असण्याची प्रवृत्ती मुळातच आहे, तेव्हा परदेशी मर्यादारेषा उचलून निष्कर्ष काढणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने कापड बेतणे होय.

२०१६ च्या कॉक्रेन समीक्षेने १४१ अभ्यास व १२२ रक्तनिदर्शक पाहून, निदानासाठी त्यांपैकी एकावरही विसंबता येत नाही, असा निर्णय दिला. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेनेही निदर्शकांवर निदान करू नये असेच सांगितले.

विदर्भापुरते पाहिल्यास जवळचा आधार गडचिरोलीचा आहे. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. मात्र त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. त्या पाहणीचे साधन अंतर्गत तपासणी व प्रयोगशाळा हे होते, दुर्बीण नव्हे. म्हणून एन्डोमेट्रिऑसिसचे प्रमाण तिच्यातून काढू पाहणे अन्यायाचे होईल. परंतु तिने एक क्रम घालून दिला : आधी घरोघरच्या स्त्रीची तपासणी, मग रोगाची टक्केवारी. निदर्शकांच्या संशोधनात हा क्रम उलटा झाला आहे. शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचलेल्या थोड्यांचे रक्त मोजून न पोहोचलेल्या सर्वांविषयी बोलले जाते. बाभुळगावची कापूस वेचणारी स्त्री पाळीतल्या वेदनेला ‘बाईपणाचे दुखणे’ समजून कामावर जाते. ती ह्या कोष्टकांत रुग्ण म्हणून नाही आणि तुलनागटातही नाही.

यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी ह्या विषयावर प्रबंध हाती घेणाऱ्याने रक्त काढण्यापूर्वी वय, पाळीचा दिवस, उपाशीपोटी असणे, चालू औषधे, कमरेचा घेर, क्षयाची पूर्वपीठिका व गर्भाशय शाबूत आहे की नाही, एवढे तरी नोंदवावे. ह्यांतील शेवटचा रकाना कोरा राहिला तर उरलेल्या सर्व आकड्यांचा अर्थ लावता येणार नाही.