पालथे पडूनही सुंदर

हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार साधी होती: मॅलेटचा एक फटका बसला की मनगटावरच्या घड्याळाची काच जाते. ही तक्रार सेझार द त्रे या व्यापाऱ्याने जाक-दाव्हिद लकुल्त्र यांच्या कानावर घातली. काच जाड करता आली असती, वर जाळी बसवता आली असती. पण पॅरिसचे अभियंते रेने-आल्फ्रेद शोव्हो यांनी ४ मार्च १९३१ रोजी ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात अख्खे घड्याळच आपल्या चौकटीत पालथे होत होते. तेच जेजेर-लकुल्त्रचे ‘रिव्हर्सो’.

आजचे ‘ट्रिब्यूट स्मॉल सेकंड्स’ हातात घ्या आणि अंगठ्याने डबी हलकेच बाजूला रेटा. ती खोबणीतून सरकते, कडेला पोचली की उचलली जाते, पूर्ण उलटते आणि परत आत ढकलली की ‘टक्’ करून बसते. खडखड नाही, अडणे नाही, आणि बसल्यावर केसभरही हलत नाही. या सहजपणामागे पन्नासहून अधिक सुटे भाग आहेत. डबी सरकल्यावर चौकटीचा जो तळ क्षणभर उघडा पडतो, त्याच्यावरही नजाकतीने काम केलेले आहे. घड्याळ उलटण्याच्या तेवढ्या अवकाशात तिथे कोणाची नजर किती ठरणार! कारागिराने तरी ती जागा सोडलेली नाही.

तबकडीच्या वर आणि खाली तीन-तीन आडव्या पन्हळी आहेत. आर्ट डेकोची ती खूण सगळ्यांच्याच लक्षात येते. आता डबी उलटून बघा: पन्हळी मागच्या बाजूलाही तशाच आहेत. त्यामुळे पालथे घातलेले घड्याळ पालथे वाटतच नाही, त्याचा तोल आणि रेषा तशाच राहतात. माझ्या मते रिव्हर्सोच्या आखणीतली सगळ्यात हुशार जागा हीच.

तबकडीवर गर्दी नाही. ताशी खुणा वेगळ्या घडवून बसवलेल्या, सहाच्या वर सेकंदाचे छोटे वर्तुळ. काट्यांच्या मधोमध एक कणा आहे. त्याची एक उतरण उजेड झेलते तेव्हा दुसरी सावलीत जाते, आणि मनगट कसेही वळवले तरी काटा तबकडीपासून सुटा दिसतो. आतले मशीन चावीचे, कॅलिबर ८२२. आयताकृती डबीत छोटे गोल मशीन बसवून काम भागते, अनेकांनी ते भागवलेही. इथे मशीनच डबीच्या आकारात बेतले आहे, जाडी ३ मिलिमीटरहून कमी. आंत्वान लकुल्त्र यांनी १८३३ मध्ये स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यात, ल सांतिए गावी कारखाना काढला आणि १८४४ मध्ये मायक्रॉन मोजणारे यंत्र बनवले. त्याच घराण्याने १९२९ मध्ये सुमारे एक ग्रॅम वजनाचे कॅलिबर १०१ घडवले. त्यांच्याकडून अशा काटेकोरपणाची अपेक्षा ठेवायचीच. विशेष असे, की इतके निगुतीने केलेले मशीन इथे धातूच्या बंद पाठीआड राहते. मागे काच लावून ते मिरवण्याचा मोह टाळला आहे.

कारण ही पाठ घालणाऱ्याची आहे. काचेचे रक्षण करण्यापुरता असलेला हा सपाट पत्रा लवकरच आद्याक्षरे, कुलचिन्हे आणि एनॅमलच्या तसबिरींसाठी वापरला जाऊ लागला. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांनीही त्यावर चित्रे रंगवून घेतली. वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या मेक्सिको ते न्यूयॉर्क उड्डाणाचा मार्ग एका रिव्हर्सोच्या पाठीवर कोरलेला आहे. १९९४ मध्ये ‘ड्युओफेस’ आले आणि पाठीवर दुसरी तबकडी उमटली, दुसऱ्या देशाची वेळ सांगणारी. एकाच मशीनवर दोन्हीकडे वेळ चालवणे ही मोठी करामत, तिचे कौतुक आहेच. तरी निवडायची वेळ आली तर मी कोऱ्या पाठीचेच घेईन, आणि काही न कोरता वापरीन. त्या आरशासारख्या पत्र्याला ओरखडे पडतील, पडू देत. ते झेलण्यासाठीच तर तो तिथे आहे.