सोंगाची कसोटी

सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेत निघालेल्या आणि आता अनेक देशांत पसरलेल्या एका हौशी मंडळाने ह्या म्हणीला एक पुरवणी जोडली आहे : तपशिलाचेही सोंग आणता येत नाही. मंडळाचे नाव '५०१ वी लीजन', म्हणजे पलटण. 'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटमालेतील खलपक्षाचे वेश हुबेहूब सिद्ध करून ते परिधान करणे हा तिचा उद्योग. १९९७ साली आल्बिन जॉन्सन ह्यांनी एका मित्रासह ती उभी केली.

अशा हौशी माणसांना हसणे सोपे आहे, आणि त्यांचे वरवर कौतुक करणेही तितकेच सोपे आहे. परंतु मंडळात प्रवेश मिळण्यापूर्वी वेशाची जी परीक्षा होते, ती रसिकांनी थोडे थांबून पाहावी अशी आहे. ती परीक्षा म्हणजे एका परीने समीक्षाच होय. निकष कोणता, तो आला कोठून, आणि तो लावून हाती काय लागते, हे समीक्षेला विचारावयाचे प्रश्न तिलाही विचारता येतात.

उदाहरणादाखल 'स्टॉर्मट्रूपर' घेऊ : पांढऱ्या चिलखतातला, चेहरा झाकलेला साम्राज्याचा सैनिक. मंडळाने प्रत्येक वेशासाठी सचित्र नियमावली केली आहे. उमेदवार घरी बसून प्लास्टिकचे तुकडे कापतो, घासतो, चिकटवतो, पट्ट्यांनी जोडतो. मग समोरून, मागून, बाजूंनी छायाचित्रे काढून ती परीक्षकाकडे धाडतो. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात ह्या सैनिकाची शिरस्त्राणे दोन तऱ्हांची होती. जवळून दिसावयाच्या शिरस्त्राणाची भिंगे फुगीर, आणि तोंडाच्या जागी कोरलेले दात आठ. धावपळीच्या प्रसंगांतल्या शिरस्त्राणाची भिंगे सपाट, आणि दात सहा. तुम्ही कोणता सैनिक होणार ते आधी ठरवा. एकाचे दात आणि दुसऱ्याची भिंगे चालावयाची नाहीत! प्राथमिक मान्यतेच्या वर आणखी दोन पायऱ्या आहेत. त्या ऐच्छिक आहेत, पण हौसेला 'पुरे' हा शब्द ठाऊक नसतो.

आता हा निकष आला कोठून? चित्रपटाचे वेशभूषाकार जॉन मोलो ह्यांना १९७८ साली ऑस्कर मिळाले. पण इंग्लंडात ही शिरस्त्राणे घडली ती चित्रपटाच्या घाईत. त्यांवरच्या रेषा हाताने रंगविलेल्या, आणि दोन्ही बाजू एकमेकींशी न जुळणाऱ्या. कारागिराच्या हातून सहज झालेला वाकडेपणा आज नियम होऊन बसला आहे. ज्याने तो सुधारून घेतला, त्याचे शिरस्त्राण देखणे होईल. मूळ मात्र होणार नाही. आपण पाठभेदांच्या चिकित्सेत जुन्या पोथीतला अवघड पाठ जपतो, त्यातलाच हा प्रकार. ह्या आग्रहाला मी वेड म्हणणार नाही. पडद्यावर जे दिसले ते दिसले. त्यात आपली अभिरुची घुसडू नये, एवढा संयम पुष्कळ टीकाकारांनाही साधत नाही.

मात्र ह्या शिरस्त्राणाला कलाकृती म्हणावे काय? हा प्रश्न खरोखरीच न्यायालयात गेला होता. मूळ शिरस्त्राणे साच्यातून काढणारे अँड्र्यू एन्सवर्थ पुढे त्यांच्या प्रतिकृती विकू लागले, तेव्हा लुकासफिल्म कंपनीने त्यांच्यावर फिर्याद केली. २०११ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कायद्याच्या अर्थाने हे शिल्प नव्हे. चित्रपट घडविण्याच्या कामी लागलेली ती एक उपयोगी वस्तू आहे. कायद्याने जिला शिल्प म्हणण्याचे नाकारले, तिचे दात मोजण्यात माणसे महिनेच्या महिने घालवितात, ही गंमत खरी.

ह्या परीक्षेचे उणेही सांगितले पाहिजे. भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. मंडळ पाहते ते केवळ आहार्य, आणि तेही स्थिर छायाचित्रात. चाल, उभे राहण्याची ढब, वळून पाहणे ह्यांची तेथे परीक्षा नाही. त्यामुळे नियमांत पूर्ण उतरलेले चिलखतही निर्जीव वाटू शकते. शिवाय ज्याला दातच मोजावयाची सवय लागली, त्याच्या दृष्टीला चित्रपट उरतो की नाही, ही शंकाही राहतेच.

तरीही माझा कौल ह्या परीक्षेच्या बाजूने आहे, आणि तो तिच्या ह्या अरुंदपणामुळेच. ती वस्तूला जोखते. माणसाला जोखत नाही. चिलखत अंगाला नीट बसले पाहिजे, एवढेच तिचे म्हणणे. चिलखताच्या आत कोण आहे, त्याचे रूप कसे, घराणे कोणते, ह्याच्याशी तिला कर्तव्य नाही. स्वतः जॉन्सन ह्यांनी अपघातात एक पाय गमावला होता. त्या पांढऱ्या वेशात ते इतर सैनिकांसारखेच एक सैनिक होते. ज्या परीक्षेत नेमके काय पाहिले जाणार हे आधी लिहून ठेवलेले असते, तीत नापास झालेल्यालाही उद्या दुरुस्ती करून पुन्हा येता येते. आवडीनिवडीवर चालणाऱ्या दरबारात ही सोय नसते.

'वाईट माणसे, चांगले काम' अशा अर्थाचे मंडळाचे ब्रीद आहे. हे खलनायक रुग्णालयांत आजारी मुलांना भेटावयास जातात, धर्मादाय कामांसाठी उभे राहतात, आणि त्याबद्दल सभासद स्वतःसाठी मोबदला घेत नाहीत. कोणी म्हणेल, खाटेवरचे मूल दात थोडेच मोजणार आहे? खरे आहे. दिवाळी अंक वाचणारेही शुद्धलेखन मोजत नाहीत. पण एखादा शब्द चुकला की वाचता वाचता ठेच लागते. तपशील अचूक असले म्हणजे ते दिसेनासे होतात, आणि मुलाला समोर दिसतो तो थेट पडद्यावरून उतरलेला सैनिक.

चित्रपटातल्या सैनिकांना नावे नसतात, क्रमांक असतात. माणूसपण पुसून टाकण्याची ती साम्राज्याची युक्ती. मंडळातही मान्यता मिळताच सभासदाला क्रमांक मिळतो. पण हा क्रमांक त्याने आपल्या हातांनी, सुटीचे दिवस खर्चून कमावलेला असतो, आणि तो तो अभिमानाने सांगतो. सोंगाची नक्कल इतकी चोख करूनही मूळचा अर्थ मात्र त्यांनी पार उलटवून टाकला, ही त्यांच्या नियमावलीत कोठेही न लिहिलेली करामत आहे.